बिअरनं खडा पडत नाही

बिअर ही दारू आहे. एवढं साधं वाक्य आमच्या भागात पत्रकावर छापून वाटावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पत्रकं लिहिण्यात, छापण्यात आणि वाटण्यात माझी कॉलेजपासूनची वर्षं गेली आहेत. आधी वसतिगृहासाठी, मग शिष्यवृत्तीसाठी, आता खारपाणपट्ट्यातल्या गावांना प्यायचं गोडं पाणी मिळावं म्हणून. हे मात्र पत्रक नाही. ज्यांचं पोट पुढं आलंय, ज्यांना डॉक्टरनं "आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बघू" असं सांगून परत पाठवलंय आणि जे संध्याकाळ झाली की "मी कुठं दारू पितो, बिअर तर पितो" म्हणतात, त्यांच्यासाठी हे आहे. मी आता बरा आहे. म्हणूनच मोकळेपणानं लिहू शकतो.

औषध

बाहेरच्या वाचकांसाठी आधी एक गोष्ट सांगतो. दर्यापूर, अंजनगाव, अकोट असा पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला आमचा पट्टा. वरची माती काळीभोर, कापूस देणारी. बोअर मारली की खालून खारं पाणी. त्या पाण्यात चहा केला तर दूध फाटतं, डाळ शिजता शिजत नाही. मुतखडा तर घरटी एक. आणि मुतखड्यावर सगळ्यांना एकच औषध पाठ आहे. बिअर.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही, मला याची चीड आहे. ज्या घरात दारूचं नाव काढलं तर चप्पल निघते, त्या घरात खडा झाला की सासरा स्वतः जावयासाठी बाटली आणतो. मास्तर मास्तरांना सांगतात. मला माझ्या मामानं सांगितलं. कॉलेजात असताना मला पहिल्यांदा कळ आली, मामानं दोन बाटल्या पाजल्या, आणि दोन-तीन दिवसांनी खडा पडला. तो तसाही पडला असता. पण नाव बाटलीचं झालं.

मग खडा नसतानाही औषध चालू राहिलं. पुन्हा होऊ नये म्हणून. दौऱ्यावर गावातलं पाणी पिववत नाही म्हणून. सीलबंद बाटली स्वच्छ असते म्हणून. दौरा संपला की मी आणि गजू, म्हणजे आमच्या मोहिमेची जीप चालवणारा माझा दोस्त, बायपासच्या धाब्यावर बसायचो. सोबत शेव, भजे, अंडा भुर्जी. घरी आलो की जेवण वेगळं. लग्नाचा कोट दुसऱ्या वर्षी बसेना. तिसऱ्या वर्षी मी कुर्ते शिवायला लागलो आणि सगळ्यांना सांगितलं की कार्यकर्त्याला कुर्ताच शोभतो.

आईला काय ते कळत होतं. आम्ही बौद्ध. अमरावतीला आमच्या घराजवळच्या विहारात दर रविवारी वंदना असते, आणि पंचशील म्हणताना माझा आवाज सगळ्यात मोठा. मादक पदार्थ घेणार नाही, हे त्यातलं पाचवं. एका रविवारी विहाराच्या पायऱ्या उतरताना आई म्हणाली, "चार शिलं छाती फुगवून म्हनतं तू. पाचव्याच्या वक्ती खोकला कावून येते रे तुले?"

मी म्हणालो, बिअर औषधाची आहे. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि उरलेल्या पायऱ्या उतरू लागली.

धरणं

रोग कळला तो दिवस अकोल्याचा. कलेक्टर कचेरीसमोर पाण्यासाठी आमचं धरणं होतं. गावोगावच्या बाया रिकामे हंडे घेऊन आल्या होत्या. घोषणा मी देत होतो. "पाणी द्या" असं मी म्हणायचं आणि "गोडं पाणी द्या" असं मागून यायचं. काही महिन्यांपासून माझी एक सवय झाली होती. उजवी मूठ वर, डावा हात पोटावर. लोकांना वाटायचं ही माझी ढब आहे. खरं असं होतं की जोर लावून ओरडलं की बेंबी लिंबासारखी बाहेर यायची, आणि मी ती हातानं दाबून धरायचो.

त्या दिवशी ती आत जाईना. मी घोषणा अर्धी सोडून खाली बसलो. पोटात कुणी मूठ घालून पिळतंय असं वाटलं. गजूनं मला उचलून जीपमध्ये घातलं आणि जवळच्या एका सर्जन मॅडमकडे नेलं. मॅडमनी मला आडवं केलं, गुडघे मोडायला लावले, बोलता बोलता बेंबीवर बोटं ठेवली आणि हळूहळू तो गोळा आत सारला. कळ थांबली. मला वाटलं, झालं.

मॅडमनी सोनोग्राफी केली, मग हात धुऊन समोर बसल्या. हर्निया आहे म्हणाल्या. पोटाची भिंत तिथं फाटली आहे आणि आतड्याचा तुकडा त्यातून डोकावतोय. ऑपरेशन करून जाळी बसवावी लागेल. मी म्हटलं, करून टाका. त्या म्हणाल्या, करणार नाही. या पोटावर जाळी टिकणार नाही, पुन्हा फाटेल. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसतेय, अशा माणसाला भूल द्यायलाही विचार करावा लागतो. आधी वजन उतरवा. मग विचारलं, दारू किती घेता?

"घेत नाही. बिअर घेतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मिलिंद, तुम्ही लोकांना वाचायला पत्रकं देता ना? मग माझं एक वाक्य वाचल्यासारखं ऐका. बिअर पूर्ण बंद झाल्याशिवाय मी तुमच्या पोटाला सुरी लावणार नाही. आणि तोवर तो गोळा एखाद्या दिवशी असा अडकला, की आत गेलाच नाही, तर आतडं सडेल. तेव्हा मला विचारायला वेळ मिळणार नाही."

शिवाय घोषणा बंद. ओरडायचं नाही, वजन उचलायचं नाही, खोकला अंगावर काढायचा नाही.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागं पडेपर्यंत मी बेंबी पुन्हा बाहेर येतेय का ते चाचपत होतो. मला मरणाची भीती वाटली, हे खरंच आहे. पण जास्त भीती दुसरीच होती. घोषणा न देणारा मी म्हणजे नेमका कोण, हे मला सांगता येईना.

चखना

बिअर मी दुसऱ्या दिवसापासून बंद केली. यात मोठेपणा नाही. मी संध्याकाळचा पिणारा होतो. ज्यांचे हात सकाळी थरथरतात, ज्यांना उठल्याबरोबर लागते, त्यांनी माझं पाहून एकदम सोडू नये. आधी डॉक्टरांना सांगावं. त्यांचं सोडणं दवाखान्याच्या देखरेखीखालीच झालं पाहिजे, त्यात लाज नाही.

दारू सुटली, पण बैठक सुटली नाही. मोहिमेचं सगळं नियोजन त्या धाब्यावरच व्हायचं. कुठल्या गावात सभा, कुणाची भिंत रंगवायची, कुणाला आमदाराकडे पाठवायचं, सगळं. मी तिथं गेलो नसतो तर माझ्यावाचून ठरलं असतं. म्हणून मी जायचो. ग्लासात लिंबूसोडा घ्यायचो आणि हात रिकामा राहू नये म्हणून चखना खायचो. पूर्वी शेवेची एक प्लेट पुरायची, आता भजेही मीच संपवायचो.

पहिल्या तपासणीला काट्यावर उभा राहिलो तर काटा हललाच नव्हता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी खोटं बोलतोय. घरी माझी बायको करुणा हिलाही तेच वाटलं. ती खाजगी शाळेत शिकवते, पोरांच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखते. त्या रात्री तिनं माझ्या पानात नेहमीच्या दोन भाकरी वाढल्या आणि विचारलं, "तुमी खरंच सोडली का?"

माझं डोकं फिरलं. सोडली तरी कुणी मानत नाही, मग सोडायची कशाला, असं मी बोलून गेलो. आई तिच्या ताटावरून म्हणाली, "मानाले कशाले पाह्यजे तुले? पोटाले तर समजते नं." मग ती उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या कुर्त्याचा वास घेतला. मी सदतीस गावांपुढं भाषण केलेला माणूस, आई माझा कुर्ता हुंगत होती.

"तळनाचा वास हाय," ती करुणाला म्हणाली. "दारूचा नाई."

करुणा हसली. त्या आजारपणात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. मग तिनं मला नीट विचारलं, तिथं काय काय खाता, आणि मी सगळं सांगितलं. तिनं माझ्या पानातली एक भाकरी उचलून परत टोपलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी गजूला फोन करून सांगितलं की बैठका आता सकाळी घेऊ, माझ्या घरी, नाहीतर नेहरू मैदानाला फेऱ्या मारत. गजूला राग आला. "भल्ला साधू झाला तू," तो म्हणाला. "आता आमच्याजवळ बसल्यानं विटाळ होते काय तुले?" हा शब्द त्यानं वापरला, मला उद्देशून. आमच्यात असा शब्द कधी आला नव्हता. तो शेतकरी घरचा, मी ज्या वस्तीचा आहे ती त्याला माहीत होती, आणि तरी आम्ही एका ग्लासातून प्यालो होतो. त्याच्या लेखी तीच आमची बरोबरी होती. मी ग्लास खाली ठेवला म्हणजे मी ती बरोबरी मोडली, असं त्याला वाटलं. मी चिडून फोन ठेवला. पण त्याचं दुःख खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

पंधरा दिवस तो आला नाही. मग एका सकाळी जीप घेऊन दारात उभा. चहा प्याला, बिनसाखरेचा आहे कळल्यावर तोंड वाकडं केलं, आणि म्हणाला, चाल, किती फेऱ्या मारा लागते ते सांग.

वजन उतरायला लागलं. धो धो नाही, पण उतरलं. भाकरी आणि भाजी तीच, तेल कमी, संध्याकाळी लवकर जेवण. सकाळचं चालणं. आधी रात्री माझ्या घोरण्यानं करुणा दुसऱ्या खोलीत जायची, ती परत आली. सकाळी तोंडाला चव असायची. लोक विचारतात की बिअर सोडल्यानं काय मिळालं. मला सकाळ मिळाली. ती पूर्वी मी झोपून घालवत होतो.

गार बाटली

आता जे सांगतो त्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

ऑपरेशनचं नक्की व्हायच्या सुमारास आम्ही अकोटकडच्या एका गावात सभेला गेलो होतो. उन्हाळा. मी घोषणा देत नव्हतो, फक्त बसून दोन शब्द बोलणार होतो. घरून आणलेलं पाणी वाटेतच संपलं होतं. दुपारी सभा सुरू व्हायच्या आधी कंबरेतून कळ उठली आणि पुढं जांघेपर्यंत उतरली. मी ओळखली. खडा. बाजेवर आडवा पडलो, उठून बसलो, पुन्हा पडलो. उलट्या सुरू झाल्या. उलटीच्या प्रत्येक झटक्याला बेंबी बाहेर येत होती. मी दोन्ही हातांनी ती धरून बसलो.

गजू कुठं गेला ते मला कळलं नाही. दहा मिनिटांत तो आला, हातात बाटली. काचेवर थेंब जमले होते, इतकी गार. त्यानं झाकण उघडलं आणि माझ्या डोक्यामागं हात घातला.

"आज दारू म्हनून नोको घेऊ," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "दवा म्हनून घे. मी सांगतो मॅडमले. मी पाय धरतो त्याईचे."

मला ती हवी होती. अंगातला कणन् कण सांगत होता की घे. इतकं चांगलं कारण मला पुन्हा मिळालं नसतं, कोणी नाव ठेवलं नसतं, उलट सगळं गाव पाहून सांगत होतं की पाज त्याले, पाज.

मी आधी पाणी मागितलं. तोंड कडू झालं होतं, चूळ भरायची होती. एक बाई लोटा घेऊन आली. मी घोट घेतला आणि थुंकलो. खारं. बोअरचं. टँकर आला नव्हता, कधी येईल ते कुणाला माहीत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात जे झालं तो संताप होता, त्याला दुसरं नाव नाही. या गावात दहा मिनिटांत गार बिअर मिळते. रस्ता नाही, पण ती येते. वीज जाते, पण ती गार राहते. आणि आजारी माणसाला चूळ भरायला एक लोटा गोडं पाणी नाही. आमच्या बापजाद्यांना खारं पाणी पाजून खडे केले आणि खड्यावर हे औषध विकलं, आणि आम्ही ते एकमेकांना मायेनं पाजतोय.

"गजू," मी म्हटलं, "फेक ते. मले अकोल्याले ने."

त्यानं फेकली नाही. शेजारच्या पोत्यावर ठेवली आणि मला उचललं.

हवा

अकोल्यापर्यंत मी बेंबी दाबून धरली होती. मॅडमनी आधी इंजेक्शन दिलं, कळ उतरली, मग त्यांनी गोळा आत सारला. या वेळी वेळ लागला. मी त्यांच्या कपाळाकडे पाहत होतो. गोळा आत गेला तेव्हा त्यांनी श्वास सोडला, आणि तो ऐकून मला रडू आलं. तुमचं वजन पहिल्याएवढं असतं तर आज गोळा आत गेला नसता, असं त्या म्हणाल्या. बिअर प्यालोय का म्हणून माझ्या तोंडाचा वासही घेतला असेल त्यांनी. मी गजूकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता.

खडा बारीक होता. गोळ्या दिल्या आणि पाणी प्या म्हणाल्या, भरपूर, आणि लघवी गाळून घ्या. घरी करुणानं चहाची जुनी गाळणी माझ्या हवाली केली आणि नवी गाळणी कपाटात वर ठेवली, चुकू नये म्हणून. अमरावतीचं नळाचं गोडं पाणी मी तांब्यामागून तांब्या प्यायलो. एका सकाळी गाळणीत खडा दिसला, तिळाएवढा. मी तो कागदात ठेवून गजूला दाखवला. त्यानं कागद उजेडात धरला. "एवढासा?" म्हणाला. "आन् निस्त्या पाण्यानं?"

मग ऑपरेशन झालं. भूल चढताना मला वाटलं होतं मी काहीतरी मोठा विचार करेन. मी फक्त छतावरचा पंखा बंद का आहे ते पाहत होतो.

वॉर्डातले दिवस कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पहाटे फिनेलचा पोछा. मग चादरी. मग सिस्टर येऊन प्रत्येकाला मोठ्यानं एकच प्रश्न विचारायच्या, "हवा सरली का?" पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी पुन्हा चालू झाल्याची ती खूण. तोवर पाणीसुद्धा ओठ ओले करण्यापुरतंच द्यायचे. ज्यानं आयुष्यभर माइकवर बोलायचं ठरवलं, तो दोन दिवस याच एका आवाजाची वाट पाहत पडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, "झालं बावा, सभा सुरू." अख्खा वॉर्ड हसला, आणि मला हसताना टाके दुखतात म्हणून मी उशी पोटाला धरून हसलो. करुणानं चमच्यानं पाणी पाजलं. साधं, गोडं, कोमट पाणी. इतकी चव मी कधी घेतली नव्हती.

दोन्ही हात

मॅडमनी परवानगी देईपर्यंत मी मोठ्यानं बोललो नाही. ज्या दिवशी त्यांनी हो म्हटलं, त्यानंतरची पहिली सभा आम्ही मुद्दाम त्याच गावात घेतली. मी सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलंय तसं. बिअरनं खडा पडत नाही, पोट तेवढं वाढतं. माझं बघा. आणि कागदाची पुडी उघडून तो तिळाएवढा खडा पुढं फिरवला. बायांनी वाकून वाकून पाहिला. गजूनं शपथेवर साक्ष दिली की बाटली त्यानंच आणली होती आणि मी प्यायलो नाही.

मागच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी हात वर केला.

"मंग पडला कशानं?"

"पाण्यानं, काका. भरपूर गोड्या पाण्यानं."

त्यांनी पुडी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि पुढच्या माणसाच्या हातात दिली.

"बरं," ते म्हणाले. "ते कुठी हाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. गावात टाकी आहे, ती कोरडी आहे. नळ आहेत, त्यांच्यावर पोरं कपडे वाळत घालतात. सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते मला बसून देता येईना. मी उठलो आणि घोषणा दिली.

"पाणी द्या."

सगळ्या गावानं मागून उत्तर दिलं. गजू जीपजवळ उभा होता. तो नंतर मला सांगत होता की पहिल्याच घोषणेला त्यानं सवयीनं माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं, पोट धरलंय का म्हणून.

दोन्ही हात वर होते.